कॉलरच्या आतला नंबर

विरार पश्चिम
सोमवार, १५ डिसेंबर

प्रिय जितू,

पत्र बघून दचकू नकोस, अण्णा बरे आहेत. फोनवर मी रोज 'ठीक आहे' म्हणते आणि तूही 'बरं' म्हणतोस. अण्णा शेजारच्या खुर्चीत असतात म्हणून बोलता येत नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण तेवढंच असेल असं नाही. कागदावर मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून कागद घेतला.

काल अण्णांना चांदीपला नेलं. त्यांचा ग्लायडर क्लब अजून आहे, म्हणजे चार म्हातारे आणि ऑगस्टीनकाका उरले आहेत. भात कापून खाचरं मोकळी झाली की दर रविवारी ते आपापली लाकडी ग्लायडरं घेऊन जमतात. विसरला असशील म्हणून सांगते, इंजिन नाही, रिमोट नाही. लांब रबरी दोर ताणायचा, ग्लायडर सोडायचं. ते पतंगासारखं वर चढतं, दोर आपोआप सुटतो आणि मग ते एकटंच हवेत. मला जायचं नव्हतं. वर्षभरात मी सलग चार तास झोपलेली नाही, रविवारी निदान दुपारी आडवं व्हावं असं वाटत होतं. पण ऑगस्टीनकाकांनी शनिवारी फोन करून दटावलं, "विनी, मास्तरांना किती दिवस कपाटात ठेवणार? हवा लागू दे जरा. तुला पण."

माळ्यावरून तुझं पिवळं ग्लायडर काढलं, नववीत केलेलं. पंखाखाली तुझ्या अक्षरात तुझं नाव आणि घरचा जुना नंबर आहे. तुझं पहिलं ग्लायडर तुंगारेश्वरच्या डोंगराकडे गेलं ते गेलंच, आणि त्यावर तू नंबर लिहिला नव्हतास, आठवतं? दोन दिवस जेवला नव्हतास. तेव्हापासून अण्णांनी क्लबात नियम केला, नाव-नंबर नसेल तर सोडायचं नाही. काल ऑगस्टीनकाका पंख उलटा करून म्हणाले, "मास्तर, हा नंबर कधीच बंद झाला." अण्णांनी तिकडे न बघता तो आख्खा नंबर म्हणून दाखवला, एक आकडा चुकला नाही. मला मात्र ते सकाळपासून 'बाई' म्हणत होते. चहा फार गोड करता बाई, अशी तक्रारही केली होती.

दोन वेळा ग्लायडर नाक खुपसून धसकटात पडलं. ऑगस्टीनकाकांनी शेपटी वाकवून बघितली तर अण्णा खेकसले, "आमटी ढवळतोस का? नखभर वाकव म्हटलं, नखभर!" काका मला म्हणाले, "बघ, हे शाळेतून रिटायर झाले, मी अजून वर्गातच." मग अण्णांनी स्वतः अंगठ्याने शेपटी दाबली आणि नुसते उभे राहिले. आम्ही वाट बघत होतो. पलीकडच्या बांधावर एक घार पंख न हलवता गोल फिरायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "आता." जितू, तुझं ग्लायडर त्या घारीच्या खाली जाऊन तसंच गोल फिरलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी त्या वेळात अण्णांकडे एकदाही बघितलं नाही, वर बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा. आमच्यापासून दहा पावलांवर ते अलगद उतरलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑगस्टीनकाकांनी आगाशीहून आणलेली सुकेळी, म्हणजे आपली वाळवलेली केळी, सोडली आणि आम्ही बांधावर बसून खाल्ली.

तेवढ्यात ऊन चढलं. अण्णांचा स्वेटर काढताना कॉलर उलटी झाली आणि ऑगस्टीनकाकांना आत पेनाने लिहिलेलं दिसलं. आत्माराम सावे, आणि खाली माझा मोबाइल. त्यांचा चेहरा बदलला, पण ते हसतच म्हणाले, "काय मास्तर, तुमच्यावर पण नंबर?" अण्णा स्वेटरची घडी घालत शांतपणे म्हणाले, "नियम आहे. नंबर नसेल तर सोडायचं नाही." सगळे हसले. मी पाण्याची बाटली शोधायला गाडीमागे गेले आणि बराच वेळ शोधत राहिले.

नंबर का लिहिला हे तुला अर्धंच माहीत आहे. गेल्या महिन्यात अण्णा घरातून निघून गेले, पाच तासांनी जूचंद्रला सापडले. एका अंगणात मुली रांगोळी काढत होत्या, तिथे बसून त्यांना रंग सुचवत होते. घरातल्या बाई त्यांच्या विद्यार्थिनी निघाल्या, म्हणून आपल्यापर्यंत निरोप आला. तुला मी सांगितलं की दाराची कडी चुकून राहिली. कडी चुकूनच राहिली होती. पण दुपारचे तीन वाजले होते, मी पलंगावर पडले होते, आणि दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. अण्णांच्या चपलाही ऐकल्या. लिफ्ट आल्याचं ऐकलं. मी उठले नाही. खाली जाऊन परत येतील, असं मनात आलं होतं का, हे मी त्या दिवसापासून रोज डायरीत लिहून बघते आणि रोज खोडते. आलं असेल. पण त्याच्या आधी घर शांत झालं आणि मला बरं वाटलं. दहा मिनिटं मी ती शांतता ऐकत पडले होते.

हे कुणाला सांगितलेलं नाही. काल छान दिवस गेला म्हणून लिहायचं धाडस झालं. की छान दिवस आधी सांगितला म्हणजे तू मला कमी दोष देशील, म्हणून तो एवढा लांबवला, हेही मला ठरवता येत नाही. तू दोष दे, चालेल. पण ये. हैदराबादला तुझं घर लहान आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, मेघनाची नोकरी आहे, हे सगळं मला पाठ आहे आणि सगळं खरं आहे. तरी अण्णांना तीन महिने घेऊन जा. मला आता माझ्या कानांची खात्री देता येत नाही. दार पुन्हा वाजलं तर मी उठेन असं लिहायला गेले होते, पण लिहिता आलं नाही. अण्णांच्या सातही शर्टांच्या कॉलरमध्ये माझ्या नंबरखाली एका ओळीची जागा सोडली आहे. तुझा नंबर तिथे लिहू का, एवढंच कळव.

तुझीच,
ताई