विहिरीवरची म्हातारी

रविवार, संध्याकाळ. नाहूर.

निखिल आत्ताच गेला. धाकटा भाऊ म्हणून ऐकून घेतलं, नाहीतर... अणुयुद्धानंतरच्या उजाड जगातला आमचा तो गेम, त्याचा नवा भाग घेऊन आला होता. दिसायला झकास, मान्य. पण त्यात कुणाचं पाणी चोरलं तरी दोन कामं करून दिली की माणसं लगेच माफ करतात. मी उगाच चिडते का? जुन्या भागात विहिरीवरची म्हातारी कधीच माफ करत नाही.

तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर, दोघांत एकच सेव्ह, म्हणजे जतन केलेला एकच डाव, तासातासाच्या पाळ्या. याने आपल्या तासात म्हातारीचं पाणी चोरलं आणि माझ्या तासात ती मला बघून तोंड फिरवायला लागली. केवढी रडले होते मी!

आज चहा घेऊन आले तर निखिल नवा भाग बंद करून जुन्यात, म्हातारीसमोर उभा.

"ताई, अजून बोलत नाही गं ही."

"कशी बोलेल? चोरलंस ना तू."

"मग नव्याने सुरू कर ना यार. बोलेल."

बोलेल, माहितीये. पण नव्याने सुरू केलं की आमचा दोघांचा जुना सेव्ह त्याच्या तासांसकट पुसला जाणार, आणि पुढचे सगळे तास माझ्या एकटीचे.