मसाण खिडकीतून परत

बाबा, मी सध्या आपल्या गावात आहे आणि लॉजवर उतरले आहे. हे वाक्य तुम्हाला आवडलं नसतं, पण दुसरं लिहिता येत नाही. आपली भाड्याची खोली तुमच्यानंतर आईने सोडली, सामान दादाकडे गडचांदूरला गेलं आणि सामानासोबत आईही गेली. ती बरी आहे. फोनवर मी जेवलीस का विचारते, ती जेवले म्हणते, मग ती विचारते आणि मी जेवले म्हणते. चंद्रपुरात ज्याच्या घरी न सांगता जाऊन बसावं असं माझं कुणी उरलेलं नाही. लॉजवाल्याने कामासाठी आलात का विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. ते खोटं नाही.

काम असं आहे. गावातल्या बागा, रामाळा तलावाचा काठ, गोंड राजांच्या समाध्या, मालगुजाराची आमराई आणि तिच्यातला बंगला, परकोटाचे दरवाजे आणि परकोटापलीकडचा नदीकाठ हे सगळं एका पायवाटेने जोडायचं आहे. गाड्या नाहीत, फक्त चालणारी माणसं. नागपूरच्या ज्या ऑफिसात मी नोकरी करते त्यांच्याकडे या वाटेच्या मोजणीचं काम आलं. चढ कुठे आहे, पावसाचं पाणी कुठे साचेल, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कुठे अडेल, हे मी सांगायचं. मी तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघते आणि पुढे एक भाऊ आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभे राहतात. ते जिवतीकडचे आहेत, कमी बोलतात. मीही कमी बोलते, त्यामुळे आमचं जमतं. या कामात एक नियम आहे. जिथून निघालो त्या खुणेवर परत यायचं आणि पुन्हा उंची घ्यायची. दोन्ही आकडे जुळले तर मधलं सगळं खरं मानायचं. नुसतं पोचून चालत नाही. पॉलिटेक्निकमध्ये सरांनी हे शिकवलं तेव्हा वर्गातली मुलं वैतागली होती, एकदा मोजलेलं परत का मोजायचं म्हणून. मला ते ओळखीचं वाटलं होतं.

तुमची सुट्टी कधी रविवारी येत नसे. ज्या दिवशी ऊर्जानगरच्या वीज केंद्राची बस तुम्हाला न घेता जायची, त्या दिवशी संध्याकाळी आपण दोघं फिरायला निघायचो. दादाला क्रिकेट असायचं, आईला स्वयंपाक. आईचा स्टोव्ह भरभरतो आहे, ती पोळी लाटता लाटता मान न वळवता विचारते, कुठून जाता. तुम्ही म्हणता, नदीवर. ती म्हणते, ते कळलं, पण कुठून. तुम्ही उत्तर न देता चपला घालता आणि मला ते निळे बूट घालायला लावता. तुम्ही गोल बाजारातून आणलेले ते बूट मला मोठे होते आणि पुढे कापूस कोंबला होता. पाय वाढते आहेत, बूट वाढत नाहीत, असं तुम्ही आईला समजावलं होतं. तुम्ही घेतलेल्या वस्तूंपैकी मला नेमकी आठवते ती हीच, कारण बाकीच्या वस्तू घरासाठी होत्या आणि हे बूट चालण्यासाठी होते.

आपण गल्लीतून परकोटाशी जायचो आणि मसाण खिडकीतून बाहेर पडायचो. खिडकी म्हणायची, पण आहे छोटा दरवाजाच, जाड भिंतीतला. परकोट मोठा, पण बाहेर पडायला दरवाजे थोडे, म्हणून मधे अशा खिडक्या ठेवल्या. या खिडकीतून पूर्वी गावातली प्रेतं नदीकडे न्यायचे. आपल्या वस्तीत तेव्हाही न्यायचे. एरवी तिथून कुणी जात नसे, आणि प्रेतासोबत गेलेली माणसं त्या वाटेने परत येत नसत. लांबचा वळसा घेऊन पठाणपुरा दरवाजाने गावात शिरायची. आम्ही मुलं पैज लावून खिडकीतून पळायचो तेव्हाही एक रीत होती. उंबऱ्यापाशी श्वास रोखायचा, पलीकडे उजेडात गेल्यावर सोडायचा. माझ्यासारखी हिशोबी मुलगीही ते करायची. एकदा तुमचा हात धरून जाताना मी तसंच केलं आणि तुम्ही भर भिंतीच्या पोटात थांबलात.

"श्वास काऊन रोखून राह्यली वं?"

मी मान हलवली. तोंड उघडता येत नव्हतं.

"सोड. हवाच हाये ते. इकडची अन् तिकडची एकच हाये. मी दिवसभर कोळशाची हवा खातो, मले काही झालं काय?"

तुम्ही तिथून हलेनात. भिंतीत गार होतं, वटवाघळांचा वास होता. मी श्वास सोडला आणि घेतला. तुम्ही रागावून बोलला नव्हतात, तरी मला ते रागावणंच वाटलं, कारण तुम्ही मला इतका वेळ कधी थांबवून ठेवलं नव्हतं. मग नदीकाठी बसून झाल्यावर परतताना तुम्ही पुन्हा त्याच खिडकीशी आलात आणि म्हणालात, "गेलो तसं यावं मानसानं. नाहीतं भेव तिथंच बसून राह्यते." घरी आई पाण्याची बादली घेऊन दारात उभी. आधी पाय धुवा, मग आत. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तुम्ही तिच्याशी यावर कितीदा वाद घातला असेल, पण पाय मात्र धुवायचात. तू म्हणते म्हणून नाई, कोळसा हाये म्हणून, असं दर वेळी सांगायचात. आई हसायची नाही, टॉवेल द्यायची.

तुम्हालाही त्याच खिडकीतून नेलं. मी नागपूरहून बसने आले तेव्हा सगळं तयार होतं, पांढरं कापड, मेणबत्त्या. गाथा म्हणताना माझा आवाज नीट होता. बायकांनी मला घाटावर जाऊ दिलं, कुणी अडवलं नाही, त्याबद्दल मला आजही वस्तीचं चांगलं वाटतं. तुम्ही आमच्या पुढे होतात. भिंतीत वाकावं लागलं, कुणीतरी सांभाळून म्हणालं. परत निघताना मी पावलं त्याच वाटेला टाकली, तर काकांनी माझं कोपर धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "इकडून, माय. तिकडून नाई." सगळे पठाणपुऱ्याकडे वळले होते. मीही वळले. त्या गर्दीत थांबायला सांगणारं कुणी नव्हतं. त्यानंतर मी शिक्षण पूर्ण केलं, नोकरीला लागले, पुष्कळ गावं मोजली, जंगलात एकटी राहिले. त्या खिडकीतून आत मात्र आले नाही. कारण कधी पडलं नाही, असं मी म्हणत आले.

आता कारण पडलं. चालवाटेची सगळ्यात सरळ, सावलीची रेषा त्या खिडकीतूनच जाते. समाध्यांकडून आलेला माणूस तिथून बाहेर पडला की लगेच चिंचा आणि नदी. दुसरा मार्ग पठाणपुऱ्यावरून रस्त्याच्या कडेने, जिथे कोळशाचे ट्रक जातात, फुटपाथ नाही आणि झाड नाही. वस्तीच्या समाजमंदिरात बैठक झाली. ऑफिसचे मोठे साहेब आले होते, भिंतीवर नकाशा लावला होता. बोलणं नीट चाललं होतं, कुणी भांडत नव्हतं. पण सकाळी फिरायला निघालेला माणूस मसाण खिडकीतून कशाला जाईल, पोरांना कोण पाठवेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. खिडकीला लागून जिचं घर आहे ती म्हातारी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "मले तं जायचंच हाये एकदा तिकडून. साहेब, तुमी आतापासूनच कायले रस्ता दाखवता?" हशा पिकला. साहेबही हसले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोणाची ते तिने ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही.

"तू गेली होती का, बाई, तिकडून?"

मी हो म्हटलं. आदल्याच दिवशी मी आणि भाऊ त्या भिंतीतून मोजत बाहेर गेलो होतो.

"अन् वापस?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. साहेबांना वाटलं प्रश्न मला समजला नाही, त्यांनी विषय पुढे नेला आणि शेवटी ठरलं की मोजणी झाली की मी काय लिहून देते ते बघू, नाहीतर रस्त्याच्या कडेने नेऊ. रस्त्याच्या कडेने नेऊ हे बोलताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी पाहिली. त्या रस्त्याने कुणी चालणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. वाट नकाशावर राहील.

म्हातारीचा प्रश्न बरोबर होता. आदल्या दिवशी बाहेर नदीकाठी शेवटची उंची घेतल्यावर मी भाऊंना म्हटलं होतं, आपण पठाणपुऱ्यावरून फिरून खुणेवर जाऊ, म्हणजे तो रस्ताही मोजून होईल. ते म्हणाले, लांब पडन ना, मॅडम. मी म्हटलं, पडू दे. ट्रकांच्या धुळीत दुर्बीण पुसत पुसत आम्ही वळसा घातला आणि खुणेवर आलो. आकडा जुळला. शास्त्राने पाहिलं तर काम बरोबर झालं होतं, वर्तुळ पूर्ण करून आलं तरी चालतं. ते कुठेही तपासलं तरी कुणाला चूक सापडणार नाही. भाऊ खूश झाले, जुळलं ना, म्हणाले. मी जुळलं म्हटलं आणि यंत्र पेटीत ठेवलं. जुळू नये असं मला वाटत होतं, हे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगण्यासारखं होतं.

उद्या नकाशा द्यायचा आहे. म्हणून आज दुपारी भाऊंना सुट्टी दिली आणि यंत्राशिवाय एकटी निघाले. नदीकाठी आपण बसायचो तो दगड सापडला नाही, किंवा तीन-चार दगड सापडले आणि त्यातला कुठला ते कळेना. चिंचेखाली एक बाई कपडे वाळत घालत होती, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काम चालू ठेवलं. मला बोलायला आवडलं असतं. मी किती वेळ बसले ते मोजलं नाही, हे मात्र तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण मी सगळं मोजते असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मग उठले आणि भिंतीकडे चालत गेले. खिडकीचा दगड पायांनी गुळगुळीत झाला आहे. उंबऱ्याशीच तो वास आला, आत तेच गार. तिथली उतरण चाकाच्या खुर्चीला चालेल, एक छोटी फरशी घालावी लागेल. उंबऱ्याशी पाणी साचत नाही. हे सगळं मी बघत होते.

पलीकडे उजेडात म्हातारी तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आली का वापस?"

"आले."

"पाय धुवाले पानी देऊ?"

कोणी मला असं विचारून किती दिवस झाले, मला आठवेना. मी द्या म्हटलं. ती आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि मी ओट्याच्या कडेशी बूट काढून पाय धुतले. कोळसा नव्हता, साधी धूळ होती. तिने टॉवेल दिला नाही, पदराचं टोक पुढे केलं, मी नको म्हटलं. मग ती पुन्हा तांदळाशी बसली आणि म्हणाली, "बापासारखीच हाये." तेव्हा कळलं की तिने मला बैठकीतच ओळखलं होतं. मी ओल्या पायांनी बूट घातले आणि तिला सांगितलं की वाट इथूनच जाईल, मी तसं लिहून देते, आणि बैठकीत कुणी विचारलं तर तुम्ही सांगा, जाऊन आली म्हणून. ती म्हणाली, सांगीन ना, मी पाह्यलं.

हे मी लॉजच्या खोलीत मोजणीच्या कोऱ्या कागदावर लिहिते आहे. नकाशासोबत हे जाणार नाही, कुठेच जाणार नाही. रेषा काढून झाली आहे, खिडकीतून आत, खिडकीतून बाहेर, दोन्हीकडे बाण. उद्या सगळ्यांना सांगेन की मी गेले तशी आले. तुम्हाला मात्र पूर्ण सांगते. बाबा, येताना मी श्वास रोखला होता. अर्ध्या भिंतीत थांबले, तुम्ही थांबवलं होतं तिथेच असेल बहुतेक. पण सोड म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून तसाच रोखून बाहेर आले.