पोचवायचे राहिलेले डबे

॥ श्री ॥

जुळे सोलापूर
५ जानेवारी २०२५

चि. चेतनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्त्यात माझ्या नावाआधी तू सवयीनं सौ. लिहिलंस आणि मग खोडलंस. इतकं काळंकुट्ट खोडायचं कारण नव्हतं, पोस्टमनला बिचाऱ्याला नाव लागेना. मला वाईट वाटलं असेल म्हणून तू हळहळत बसू नकोस. वाईट वाटलं नाही. हल्ली काही वाटतच नाही.

फोन उचलत नाही म्हणून रागावतेस. पण फोनवर पलीकडचं माणूस आपण काय बोलतो याची वाट बघत बसतं, ते मला सोसत नाही. पत्राला तशी घाई नसते. शिवाय निवृत्तीच्या वेळी यांनी पोस्टातून अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन ठेवला होता, तो पडून आहे. घरातलं सगळं काढायचंच आहे, तर सुरुवात त्यापासून.

बातमी अशी की पाडवा झाला की मी पुण्याला अवधूतकडे कायमची जाणार. एप्रिलपासून इथे भाडेकरू येतील. अवधूतनं आणि अंकितानं माझ्यासाठी एक खोली ठेवली आहे. खोलीला खिडकी आहे. खोलीत मावेल तेवढंच न्यायचं. अंकिता समजूतदार पोरगी. तिनं निरोप दिला की आईंना जे ठेवावंसं वाटेल ते ठेवू दे. अडचण एवढीच की मला काहीच ठेवावंसं वाटत नाही.

यांचे शर्ट आमच्या सोसायटीच्या वॉचमनला, महिपतीला दिले. दुसऱ्या दिवशी तो यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून गेटवर उभा होता. मी त्याला म्हटलं की कॉलरखालचं बटण गेलंय, संध्याकाळी आणून दे, लावून देते. त्यानं आणून दिला, मी लावलं. बस. घड्याळ, चष्मे, रेडिओ, सगळं असंच गेलं. नाव घातलेला यांचा ऑफिसचा डबासुद्धा मी मोडीच्या ढिगात टाकला.

अडले ते एका कपाटापाशी. हे गेले तेव्हा सुतकात आमच्याकडे चूल नव्हती, लोकांनी डबे भरून जेवण पाठवलं. ते डबे अजून माझ्याकडेच आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गंगम्मांचा आहे, यांच्याबरोबर पोस्टात होते त्या मंद्रूपच्या आबासाहेबांचा आहे, आणखी पाच-सहा घरचे आहेत. आमच्या घरात डबा रिकामा परत करत नाहीत. पहिलं वर्ष सण नव्हता. म्हटलं वर्ष सरलं की काही गोडाचं करून देईन. वर्ष सरलं, आणखी एक दिवाळी गेली. शेंगदाणे भाजायला घेते आणि गॅस बंद करून बाहेर येऊन बसते. दुसऱ्यांची भांडी घरात ठेवून मी किल्ली कशी सोपवू, एवढाच प्रश्न उरला आहे. बाकी घर तर रिकामंच झालं.

तुझ्या गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

मिरज
१३ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी भाजी करपवली. तू लिहितेस की तुला काही वाटत नाही. तुझ्या वाटणीचं मी इथे रडून घेतलं. महिपतीच्या शर्टाचं वाचलं तेव्हा आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांना काय झालं ते कळेना, ते उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि अर्धं वाटेत सांडलं.

एक सांगते, तुझ्यासारखं मला कधी जमायचं नाही. राजस आता दाढी ठेवतो, पण त्याच्या बालवाडीतल्या पाण्याच्या बाटल्या मी अजून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्यातल्या एकीचं झाकणही नाही. सूनबाई आली की पहिल्यांदा माळा बघेल, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत.

डब्यांचं मात्र तू उगाच डोक्यात घेतलं आहेस. आपली आई आठव. नाना गेले तेव्हा तिनं आलेले सगळे डबे घासूनपुसून रिकामेच घरोघरी पाठवले होते. आपणच दोघी गेलो होतो की, विसरलीस? दुःखातल्या डब्यात काही घालून दिलं तर त्याबरोबर दुःखही त्या घरी जातं, म्हणायची. तुझ्या सासरी नसेल ही रीत, माहेरी होती. मी संक्रांतीनंतर येते. आठ दिवस राहीन, सगळं उरकून टाकू. तू फक्त चहा करायचास, आणि तोही नाही झाला तर मी करीन.

थोरलेपणाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी धाकटी,
चेतना


॥ श्री ॥

मिरज
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. तू दिलेल्या शेंगाचटणीच्या पुडीनं सगळ्या पिशवीला वास लागला आहे, साड्यासुद्धा खमंग झाल्या.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. तिथे असताना सांगितली नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तू पेन्शनचं खातं पुण्याला हलवायला बँकेत गेलीस ना, त्या दुपारी मी रिक्षा केली आणि सगळे डबे पोचते करून आले. नावं होतीच, महिपतीनं पत्ते सांगितले. आबासाहेबांचा मंद्रूपला जाणाऱ्या त्यांच्या पुतण्याकडे दिला. आईसारखे स्वच्छ घासून, कोरडे करून, रिकामे. सगळ्यांनी ठेवून घेतले. गंगम्मांनी तेवढं झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं. मग मला बसा म्हणाल्या, पण रिक्षा थांबली होती.

परवा तू झोपलीस तेव्हा मी ते रिकामं कपाट पुसून घेतलं. फार बरं वाटलं मला. तुझ्यावरचं एक ओझं उतरलं. आता पाडव्याला तू मोकळ्या मनानं निघ.

तुझ्या मायेची भुकेली,
चेतना


जुळे सोलापूर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. चेतनास,
आशीर्वाद.

कपाट रिकामं आहे हे मी तू गेल्यावर बघितलं. मला वाटलं तू डबे वरच्या फळीवर हलवलेस. स्टुलावर चढून वर शोधले. मग तुझं पत्र आलं.

तुला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. या घरात डबे भरायचं काम माझं होतं आणि पोचवायचं यांचं. निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरा उद्योगच नव्हता. खाकी पिशवी स्कूटरला अडकवायची, तिच्यात डबा उभा ठेवायचा, हिंदकळू नये म्हणून बाजूला टॉवेल खोचायचा. तासाभराचं काम असायचं आणि हे दिवेलागण झाली तरी यायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, डबा द्यायचा म्हणजे जरा बसावं लागतं. त्यांना स्वतःला गोड आवडत नसे. एवढे लाडू मी वळले, त्यांनी घरात एकाला कधी हात लावला नाही. मला वाटायचं, खायची आवड नाही तर निदान वाटायची तरी आहे.

ते डबे कपाटात होते तोवर यांचं एक काम बाकी होतं. ते तू रिक्षानं एका दुपारी उरकलंस, आणि रिकामं उरकलंस. आता त्या घरांतून लोक म्हणत असतील की गोपाळराव गेले तसं त्या घरचं सगळंच गेलं.

मला राग आला आहे. चांगला आला आहे. पत्र फाडलं, मग चिकटवून परत वाचलं. दोन वर्षांत आतून असं काही आलं नव्हतं, त्यामुळे नीट लिहिताही येत नाही. इथेच थांबते.

अक्का


॥ श्री ॥

मिरज
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू वर श्री लिहिला नाहीस आणि खाली लोभाचं काही नाही. लहानपणी तू माझ्याशी बोलायची बंद व्हायचीस तेव्हा मी तुझी वेणी ओढायचे. इथून कशी ओढू?

माझं चुकलं. मी आईची रीत धरली आणि भाऊजींची रीत मला माहीतच नव्हती. माहीत करून घ्यायला हवी होती, आठ दिवस तर तुझ्याजवळ होते. आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले की विचारलं असतंस तर बरं झालं असतं. हे एरवी माझीच बाजू घेतात, तुला माहीत आहे.

तू म्हणशील तर परत येते आणि दारोदार जाऊन डबे मागून आणते. लाजबीज मी मिरजेतच ठेवून येईन. नाहीतर तू सांगशील तसं. फक्त पुण्याला जायच्या आधी एक ओळ पाठव, शिवी असली तरी चालेल.

तुझ्या रागाला पात्र, आणि लोभालाही,
चेतना


॥ श्री ॥

जुळे सोलापूर
२१ मार्च २०२५

चि. चेतनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेणी ओढायला काही उरलेली नाही, त्यामुळे राग सोडला. तू यायची गरज पडली नाही. डबे मी स्वतःच मागून आणले.

दिलेला डबा परत मागायला आलेली बाई या लोकांनी पहिल्यांदाच बघितली असेल. पहिल्या दारात आधी पदर सारखा केला. मग म्हटलं, तो डबा चुकून रिकामा आला होता, द्या इकडे. गंगम्मा कानडीत बर्री बर्री म्हणत हात धरून आत घेऊन गेल्या. तू दिलास तसा त्यांनी तो डबा टेबलावरच ठेवला होता, त्या दिवसानंतर झाकण न उघडता. त्या म्हणाल्या की आत्ता ना उद्या याला न्यायला तुम्ही येणार, हे मला ठाऊक होतं. आबासाहेबांच्या सोनाबाईंनी पुतण्याबरोबर डबा पाठवला, पण त्यांनी त्यात तिखट भरून ठेवलं होतं. कितीही धुतला तरी वास जाईना.

मग शेंगदाणे भाजले. गॅस बंद करून एकदा बाहेर आले, पण डबे ओट्यावर उघडे पडले होते आणि ते लोक आता वाट बघत होते. परत आत गेले. लाडू वळले, डबे भरले, यांची खाकी पिशवी मोडीतून काढली आणि टॉवेल खोचून एसटीनं आधी मंद्रूपला गेले.

आबासाहेबांनी डबा घेतला, उघडला, त्यातला एक लाडू बशीत ठेवला आणि बशी माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं की घरी आहेत. तर म्हणाले की ही आपली पद्धत हाय, आणणाऱ्यानं पहिला खायचा, गोपाळरावांनी कदी चुकवला न्हाय. मी म्हटलं की ते गोड खात नसत. सोनाबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, कोन सांगितलं तुमाला, हितं बसून दोन-दोन खायचे की, आन् डोळे मिटून म्हणायचे, आमच्या हिच्या हातचा हाय. दुसऱ्या घरी विचारलं, तिथेही तेच. गंगम्मांनी तर त्यांच्यासाठी बशी वेगळी ठेवली होती, ती दाखवली. त्यांनी एकदा यांना विचारलंही होतं की मग घरी का खात नाही. हे म्हणाले, एकदा नाही म्हणून बसलो हो, आता इतक्या वर्षांनी हो कसं म्हणू, तिला लागेल.

ते एकदा कधी, ते मला आठवलं. लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासूबाईंनी ताटं वाढली, घरात माणसं फार, लाडू पुरले नाहीत आणि माझ्या ताटात आला नाही. हे सगळ्यांदेखत म्हणाले की मला गोड आवडत नाही, माझा हिला द्या. मी तो खाल्ला आणि ते खरं धरून चालले. जन्मभर त्यांना साखर कमी घालून चहा दिला गं मी.

मंद्रूपहून येताना एसटीत रडले. चांगली हुंदके देऊन. शेजारच्या अनोळखी बाईनं उठून मला खिडकी दिली.

आबासाहेबांकडे तो लाडू मी खाल्ला, तिथेच बसून. तिखटाचा वास होता आणि गूळ थोडा कमी पडला होता. तुझ्यासाठीही एक डबा ठेवला आहे. तो राजस येईल तेव्हा घेऊन जाईल. रिकामा परत पाठवलास तर बघ.

पुण्याचा पत्ता मागे लिहिला आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

ता. क. — यांचा ऑफिसचा डबा मोडवाल्यानं अजून नेला नव्हता. तो तेवढा पुण्याला नेते आहे, माझ्या खोलीत. भरूनच नेते. यांना गोड आवडायचं.