आधी नाव, मग प्रश्न

प्रिय चिऊ,

हे फोनवर कळवता आलं असतं. दोनदा लिहून पुसलं. तुझा फोन खोलीतली मुलं सहज उचलतात, म्हणून कागदावर लिहून तुमच्या खाणावळीच्या मावशींच्या हाती पाठवतेय. वाचून झालं की फाडून टाक. बघ, सुरुवातीलाच घाबरवायला लागले! तू म्हणशील, आई म्हणजे राईचा पर्वत. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच आधी सांगते.

कॉलेजच्या सभागृहाचं काम माझ्याकडे आल्यापासून पाहुण्यांच्या व्याख्यानांना मी भिंतीला टेकून उभी असते आणि प्रश्नांची वेळ झाली की माईक घेऊन रांगांमधून फिरते. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. उभं राहायचं, आधी नाव आणि वर्ग सांगायचा, मग प्रश्न. जुन्या प्राचार्यांनी ती पाडली. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि प्रत्येक मूल नावानिशी लक्षात ठेवायची हौस होती. मला ही रीत फार आवडायची. लाजरी मुलंसुद्धा स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या आवाजात ऐकून जरा ताठ व्हायची.

यंदा व्याख्यानांचा विषय धर्माची आणि लिंगाची ओळख. पहिल्या वेळी त्या धर्मोपदेशिका आल्या होत्या, ज्यांना त्यांच्याच प्रार्थनागृहात बोलायला बंदी आहे. शेवटच्या रांगेत दोन पुरुष होते. मला वाटलं, पंखे दुरुस्त करायला आलेत. व्याख्यान चालू असताना दोघं पेंगत होते. प्रश्न सुरू झाले तसे सावरून बसले, आणि मी ज्याच्या हाती माईक देई त्याच्याकडे त्यांचे फोन वळत. पाहुण्यांचा एकही फोटो त्यांनी काढला नाही. त्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या कुरळ्या केसांच्या मुलीने विचारलं होतं, आजीने सोडलेला धर्म मी परत घेतला तर मी नक्की कुठली? छान टाळ्या पडल्या. पुढे तिच्या घरी कुणीतरी फोन करून तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत, तिच्याच अडखळण्यासकट ऐकवला. घरचे तिला घेऊन गेले. तिच्या खाटेवर आता नुसती गुंडाळलेली गादी आहे.

दुसऱ्या वेळचे पाहुणे मुलगी म्हणून जन्मलेले, आता पुरुष म्हणून जगणारे, मिश्कील माणूस. तेव्हा चष्मेवाल्या मुलाने प्रश्न विचारला, आणि त्याच्याही घरी तसाच फोन गेला. तो अजून कॉलेजात येतो, पण मला पाहिलं की वाट बदलतो. त्याच्या हाती माईक मीच दिला होता ना.

यापुढे नावं नकोत, असं मी संयोजक सरांना म्हटलं. ते हसले. म्हणाले, अहो बाई, आपली परंपरा आहे, आणि नाव सांगायला लाजायचं कशाला? कार्यालयातले साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, माईक जरा सावकाश फिरवा, मागच्यांना नावं नीट ऐकू येत नाहीत. मागचे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. का नाही विचारलं, हे स्वतःलाच विचारत बसलेय.

आणि रविवारी घरी आलीस तेव्हा, गच्चीवर कपडे वाळत घालताना तू म्हणालीस, शुक्रवारच्या व्याख्यानाला मी विचारणार. प्रार्थनेला मी कुठे बसू, उजवीकडे पुरुषांत की डावीकडे बायकांत? आणि नाव सांगेन ते माझं, मी निवडलेलं. माझ्या तोंडात चिमटे होते, मी नुसती मान हलवली. चिमटे नसते तरी काय बोलले असते कोण जाणे. कॉलेजच्या कागदांवर तू अजून माझा मुलगा आहेस, राहतेसही मुलांच्याच वसतिगृहात. ‘माझी मुलगी’ हे मी अजून फक्त मनात आणि तुझ्यापाशी म्हणते. बाबा तर प्रार्थनेला अजून शेजारच्या जागेवर रुमाल टाकून तुझी जागा धरतात. मी बायकांच्या बाजूने तो रुमाल बघत बसते. तो राग आहे की आशा, मला अजून कळलेलं नाही.

आता हे पत्र का, ते. आज दुपारी मी माईकच्या बॅटऱ्या बदलत होते. साहेब दारात येऊन म्हणाले, शुक्रवारी तुमच्या घरचंही कुणी बोलणार म्हणे? उजवीकडे की डावीकडे, असं काहीतरी? आणि निघून गेले. चिऊ, मी कुणापाशी अवाक्षर काढलेलं नाही. गच्चीवर आपण दोघीच होतो. तू कुणाला सांगितलंस ते आठव आणि त्या माणसापासून जपून राहा. तेव्हा जिन्यात बाबा होते की नव्हते, हे मी आठवून आठवून थकले. हात वर करू नकोस, असंच मी लिहिणार होते. तुझा हात दिसलाच नाही असं दाखवून पुढे जायचाही विचार केला, इतकं सोपं आहे ते. पण मग तू कुठे बसायचंस हे तुझ्यासाठी मीच ठरवल्यासारखं होईल. तेव्हा ठरव तूच. हात वर केलास तर मी येईन, पण माईक लगेच देणार नाही. रीतीप्रमाणे आधी माझं नाव सांगेन, मग मागच्या रांगेकडे तोंड करून सांगेन की ही माझी मुलगी. मग तू बोल. मी शेजारून हलणार नाही. त्यांना फोटो काढायचाच असेल, तर दोघींचा काढावा लागेल.

तुझीच, आणि शुक्रवारी सगळ्यांदेखत तुझीच,
आई