बाबांच्या खोलीतला वास

छोटू,

बाबांसाठी भाड्याने आणलेली खाट परत द्यायला गेलेय. आता ती ठेवून काय करायचं? संध्याकाळी त्यांची खोली बघायला भाडेकरू येतील. काल आल्या आल्या तू नाक दाबून म्हणालास, इथे अजून आजारपणाचा वास येतो. म्हणून बरणीतली सुगंधी मेणबत्ती आणि उदबत्ती आणून ठेवलीय. दुकानदाराने बरेच वास हुंगायला दिले, मला सगळे सारखेच वाटले. शेवटी जिची बरणी जड होती ती मेणबत्ती उचलली, पटकन कलंडायची नाही.

दोन्ही एकदम लावू नकोस, डोकं उठतं. खिडकी उघडून आधी उदबत्ती लाव, ती संपली की मेणबत्ती. वरचं मेण कडेपर्यंत वितळू दे, नाहीतर मधेच खड्डा पडतो. पडद्यापासून लांब ठेव. आणि फार घमघमाट नको, लोकांना वाटतं काहीतरी लपवतायत.

इतकी वर्षं त्या खोलीत उठबस केली, पण मला तो वास कधी आलाच नाही. खोलीतला गेला की सांग. माझ्या अंगाला येत असेल तर तेही सांग. मला काही वाटणार नाही.

ताई