नर्सबाईंचे घर आणि भावजयीचे पत्रे

मी, फुआतिनो इओसेफो, वय बहात्तर, राहणार वाइतोआ, सवाई बेट, सामोआ, गावच्या महिला समितीची अध्यक्ष, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही न ऐकता लिहून ठेवत आहे. वकिलांच्या कारकुनाने "कोणाच्याही दबावाशिवाय" असे लिहायला सांगितले होते. माझ्यावर दबाव आणणारा माणूस या बेटावर अजून जन्माला यायचा आहे, म्हणून ते शब्द मी बदलले. प्रकृती ठणठणीत आहे. साखर नाही, रक्तदाब नाही. नर्स मेरिताने दोन्ही तपासले आहे आणि ती पोरगी मला खूश करण्यासाठी खोटे बोलणारी नाही. मला मूलबाळ नाही. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. त्यामुळे माझ्यामागे कोणी भांडू नये म्हणून पुढील व्यवस्था करीत आहे.

कलम १. जमीन. जमीन कुळाची आहे, ती मला कोणाला देता येत नाही. कुळाचा प्रमुख माझा धाकटा भाऊ तावीता आहे. माझे घर ज्या तुकड्यावर उभे आहे तो दवाखान्याला लागून आहे, आणि तिथे सरकारी नर्सने कायम राहावे याला तावीताने कुळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर होकार दिला आहे. घराचे काय, असे मी विचारले तेव्हा मात्र तो म्हणाला, "घराचं तुम्ही नणंद-भावजय बघून घ्या, अक्का. तुमच्या मध्ये पडलो तर माझा दुसरा पायही जायचा." सगळी बैठक हसली. मीही हसले.

कलम २. दवाखाना. दवाखाना माझ्या मालकीचा नाही, पण त्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे काही कोणाला कळणार नाही. तो माझ्या आईच्या वेळच्या समितीने बांधला. बायकांनी समुद्रातून प्रवाळाचे दगड काढले, भाजून त्याचा चुना केला आणि भिंती उभ्या केल्या. सरकारने नर्स द्यायची, औषधे द्यायची, आणि नर्सचे खाणेपिणे, अंथरूण-पांघरूण समितीने बघायचे असा करार होता. आम्ही आमची बाजू एक दिवस चुकवली नाही. पुढे सरकारने सांगितले की खेड्यातल्या दवाखान्यांना पैसा पुरत नाही. नर्स गेली, दाराला कुलूप लागले आणि व्हरांड्यात डुकरे बसू लागली.

नेमक्या त्याच वर्षांत गावात बोटीने टर्कीची शेपटे येऊ लागली. नुसती चरबी. परदेशात जे कोणी खात नाही ते आमच्या पोरांच्या ताटात. सोबत डब्यातले मांस, पुड्यातल्या शेवया, लाल सरबत. लोक तारो खणायचे सोडून दुकानापुढे रांग लावू लागले. तावीताला साखर झाली. मासे धरताना त्याच्या टाचेत प्रवाळ शिरले, एवढीशी जखम. धुऊन पट्टी बांधायला गावात नर्स असती तर आठवड्यात बरी झाली असती. त्याला बोटीने मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत पाय काळा पडला होता, आणि तो कापावा लागला. तो पाय अर्धा शेपटांनी खाल्ला आणि अर्धा बंद दवाखान्याने, असे मी तेव्हा म्हणाले होते आणि आजही म्हणते.

त्यानंतर मी समितीच्या सगळ्या बायकांना एकसारखी लुगडी नेसवली आणि फेरीने राजधानीला नेले. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली: भाजलेले तारो, नीरफणस, आणि नारळाच्या दुधात बांधलेली तारोची पाने. आरोग्य खात्याच्या व्हरांड्यात चटया टाकल्या, साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना आग्रह करून वाढले आणि मग मागणी मांडली.

साहेब भरल्या तोंडाने म्हणाला, "आजी, जेवण फार छान. पण खेड्यांसाठी तरतूदच नाही हो."

"मग गिळू नकोस," मी म्हणाले. "तो तारो तरतुदीतला होता."

"अहो, पैसा काय माझ्या घरचा आहे?"

"नाहीच मुळी. आमच्या घरचा आहे. आम्ही मीठ घेतो त्यावर कर, काडेपेटी घेतो त्यावर कर. पाय कापायला तुमच्याकडे पैसा आहे, पाय कापायच्या बाजारात लागणाऱ्या सगळ्या करवती आहेत. पट्टी बांधायला तेवढा नाही?"

आम्ही तीन दिवस तिथेच बसलो. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः माझ्या चटईवर येऊन बसला. नर्स मिळाली. तिच्यानंतर आणखी आल्या, आता मेरिता आहे, आणि नर्स परत आली तेव्हापासून वाइतोआत एकाचाही पाय कापलेला नाही. हे माझ्या थडग्यावर लिहिले नाही तरी चालेल, पण या कागदावर राहू द्यावे.

कलम ३. घर. हे घर मी आणि नवऱ्याने बांधले. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पावसाच्या पाण्याची टाकी, संडास. मेरिता आत्ता माझ्यासोबतच राहते. खात्याचा माणूस गेल्या महिन्यात येऊन बघून गेला. म्हणाला, "आजी, तुम्ही आहात तोवर प्रश्न नाही. तुमच्या पश्चात काय? नर्सला कायमचं घर असेल तरच इथलं पद कायम होईल. नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाईल." त्याचे म्हणणे रास्त आहे.

परंतु घराचा अर्धा हक्क माझी भावजय सालिलो, म्हणजे तावीताची बायको, हिचा आहे, आणि तो मी बुडवणार नाही. मोठ्या वादळात या घराचे छप्पर उडाले तेव्हा नवे पत्रे तिने आणून दिले, स्वतःच्या दुकानाच्या कमाईतून, मी न मागता. ट्रकमधून उतरून मला म्हणाली, "वन्सं, पावसात भिजून मेलात तर माझ्या दुकानावर नजर कोण ठेवणार?" आभार मानायची आम्हा दोघींत पद्धत नाही. म्हणून मागची खोली व स्वयंपाकघर मी सरकारी नर्सच्या निवासासाठी समितीकडे ठेवते, आणि रस्त्याकडची खोली सालिलोला देते. तिला तिथे दुसरा फ्रीजर ठेवायचा आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. फ्रीजरमध्ये काय असेल हेही माहीत आहे. खात्याच्या माणसाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "अर्ध्या घरावर पद कायम होत नाही, आजी."

कलम ४. बाग. दवाखान्याच्या आवारातली पपई, पिवळ्या गराची केळी, तारो आणि पालेभाजी ही समितीची आहे. साखरेच्या माणसाला नर्सने एका हातात गोळी द्यावी आणि दुसऱ्या हातात पाल्याची जुडी, ही माझी रीत चालू ठेवावी. गोळी सरकारची, पाला आमचा. बाळाला पहिला घास केळ्याचाच भरवावा. दुकानातली बिस्किटे पाण्यात कालवून देणाऱ्या आईला दोन शब्द सुनवावेत. जास्त सुनवू नयेत, ती दमलेली असते.

कलम ५. शिट्टी. घरोघरची तपासणी करताना मी जी वाजवते ती पितळी शिट्टी पुढच्या अध्यक्षीणबाईंना द्यावी. संडास बघावा, डासांच्या अळ्यांसाठी पिंप बघावे, आणि परसात भाजी लावली आहे का ते बघावे. एकदा सालिलोने आख्खा फ्रीजर केवड्याच्या पानांच्या चटईखाली झाकला आणि वर बायबल ठेवले. मी आत पाऊल टाकले तर म्हणते, "प्रार्थनेची जागा आहे, वन्सं, शिट्टी नका वाजवू." प्रार्थनेची जागा घरघर आवाज करत होती. मी शिट्टी वाजवली.

कलम ६. अंत्यविधी. माझ्या मयताला तांदळाचे पोते, डब्यातले मांस किंवा टर्कीचे शेपूट कोणी आणल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे. माणूस साखरेने मरतो आणि त्याच्या मयताला लोक साखरेचेच जेवण जेवतात, हे मी आयुष्यभर बघितले आहे. दगड तापवून भट्टी लावावी. तारो, नीरफणस, मासे आणि पाने, भरपूर. पाद्रीबुवांनाही तेच. त्यांचे पोट या गावात सगळ्यात पुढे आहे, हे मी प्रेमाने लिहीत आहे.

कलम ७. सरकारने पुन्हा नर्स काढून घेतल्यास घर समितीने सांभाळावे, लुगडी धुऊन इस्त्री करावीत, टोपल्या भराव्यात आणि त्याच व्हरांड्यात जाऊन बसावे. चटया माझ्या पेटीत आहेत.

कलम ८. साक्षीदार. कारकुनाने मला एक गोष्ट सांगितली. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्याच्या नावाने काही लिहिलेले असले तरी ते रद्द होते. मी त्याला दोनदा विचारून खात्री केली. म्हणून लिहिते की, कलम ३ मधील कोणाचाही हिस्सा काही कारणाने रद्द झाल्यास तोही नर्सच्या निवासाकडे जावा आणि घर एकसंध राहावे.

सालिलोपुढे मी हात पसरणार नाही. जिच्या दुकानावर मी जन्मभर शिट्टी वाजवली तिच्याकडे काही मागायची माझी जीभ वळत नाही, आणि पत्र्यांचे उपकार असताना हिसकावून घेणेही मला जमणार नाही. तिने खोली ठेवली तर ती तिच्या हक्काची आहे. कोणी तिला बोल लावू नये. मात्र नर्स गेली तर या गावाचे काय होईल हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवारी कुळाचे जेवण माझ्याकडे आहे. हा कागद टेबलावर उघडा ठेवीन. पाद्रीबुवा पहिले साक्षीदार आहेत. दुसऱ्याची जागा रिकामी सोडली आहे. पेन शेजारी आहे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले असून एकही शब्द मागे घेणार नाही. खालील सह्या एकमेकांच्या समक्ष झाल्या.

मृत्युपत्र करणार: फुआतिनो इओसेफो

साक्षीदार पहिले: एलिआ सामुएलु, पाद्री, वाइतोआ (पोटाबद्दलचा मजकूर वाचला. क्षमा केली आहे.)

साक्षीदार दुसरे: सालिलो तावीता, दुकानदार, वाइतोआ

ठिकाण: वाइतोआ. शनिवार, २० ऑगस्ट २०१६.

दुसऱ्या साक्षीदाराच्या हातचे: वन्सं, मला वाचता येतं. तिसरं कलम वाचलं, आठवंही वाचलं. कोणी सांगितलं म्हणून नाही, समजून सही केली आहे. फ्रीजर दुकानात आहे तिथेच राहील आणि भरलेलाच राहील, तुमच्या शिट्टीला काय करायचं ते करू दे. पण ह्यांचा पाय सुजला तेव्हा ह्यांना पाठीवर घेऊन त्या दवाखान्याचं कुलूप ओढत मी उभी होते, तुम्ही नव्हता. ते कुलूप मला पुन्हा बघायचं नाही. खोली नर्सबाईंची. पत्रे माझे होते, तेवढं मात्र खोडू नका.

खोडलेले नाही. फुआतिनो.