गच्चीवरच्या टाकीचं पाणी

१४ डिसेंबर २००८, कशेळी

आले बाई सासरी! चार दिवस पाहुण्यांत गेले, आज कुठे वही उघडली. घर झकास आहे, दुमजली, वर ऐसपैस गच्ची, पलीकडे खाडी. माहेरी नारपोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात वाढलेली मी. नुसतं बोलले तरी इथे सगळे दचकतात. देवेश म्हणाला, आवाज जरा कमी कर. म्हटलं, हाच आवाज ऐकून लग्न केलंस ना, मग आता भोग.

गच्चीवर त्याची बिनमातीची शेती आहे. पाइपांना भोकं, भोकांत लेट्यूस आणि पुदिना, खाली टाकी, टाकीतलं खताचं पाणी पंपाने फिरतं. माल ठाण्याच्या हॉटेलांत जातो. ती टाकी आता मी सांभाळायची, असं परस्पर ठरलंय. चालेल, हिरवं बघून मन रमतं.

१९ डिसेंबर

शिकले. खताच्या पावडरी दोन, त्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवायच्या. घट्ट असताना एकत्र केल्या की पाणी फाटतं आणि सगळं तळाला बसतं. मग पाण्यात खत किती ते दाखवणारा मीटर टाकीत बुडवायचा. झाडं खातात तसा आकडा उतरतो, उतरला की पुन्हा पावडर. टाकी झाकून ठेवायची, नाहीतर शेवाळ धरतं. लाइट गेली की पंप बंद, मग मगाने पाणी घालत बसा. माझे हात मोडले तरी साहेब टीव्हीसमोरून हलत नाहीत. ही वहीसुद्धा आता गच्चीवरच असते.

सासरे, केसरीनाथदादा, दिवसभर टाकीपाशी खुर्ची टाकून, झाकण जरासं सरकवून पाय पाण्यात सोडून बसतात. जन्म भातखाचरात गेला, पायांना ओल लागते म्हणे. देवेशने शेत गोदामवाल्याला विकलं तेव्हा त्यांनी गाव डोक्यावर घेतलं होतं. आता अवाक्षर नाही. टाकीने दादांना गार केलं, असं देवेश कौतुकाने सांगतो.

२७ डिसेंबर

पावडर कधीचीच संपली, देवेश आणत नाही. आकडा उतरायला हवा होता, उलट चढलाय. पाणी आटलं असेल म्हणून टाकी काठोकाठ भरली, तर सकाळी पुन्हा तेवढाच. पाला नुसता माजलाय. देवेशला विचारलं तर म्हणतो, वाढतंय ना, मग तू डोकं कशाला लावतेस? वा रे वा! बी.एस्सी. झालेली बायको काय बादल्या उचलायला आणलीय? इतका संताप आला की जेवलेच नाही.

२ जानेवारी २००९

दादा वाळत चाललेत. आज माल न्यायला वर आलेल्या टेम्पोवाल्याने त्यांच्या तोंडावर विकलेल्या शेताची चेष्टा केली. ते हसले. नुसते हसले! मीच त्या मेल्याला फैलावर घेतलं. मग दादांना विचारलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

ते म्हणाले, "पाय सोड पान्यान, पोरी. राग न्हाय ऱ्हात."

मी टाकीचं झाकण पूर्ण सरकवलं. पायांना पाइपांतून उतरलेल्या मुळ्यांचा वेढा होता. वाटलं गुंडाळल्यात, सोडवायला गेले तर कातडीच्या आत गेलेल्या.

५ जानेवारी

देवेशला सांगितलं. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं! म्हणे दादा सुखात आहेत, पीक येतंय, तुझं काय जातंय? अरे, बाप आहे तुझा! बापाचं खत केलं या नालायकाने, आणि मी रोज ते पाणी ढवळत होते. उद्या तो ठाण्याला गेला की मुळ्या कापणार. दादांना रिक्षात घालून थेट नारपोली. बघतेच कोण अडवतं.

६ जानेवारी

कापल्या— दादा ओरडलेसुद्धा नाहीत. गुडघ्याखाली पाय— उरलेच नाहीत, नुसत्या मुळ्या. उचललं तर लहान मुलाएवढे हलके. मांडीवर घेतलं, हाका मारल्या— गेले. माझ्या मांडीवर गेले.

जिन्याचं दार बाहेरून लावलंय. तो ठाण्याला गेलाच नव्हता. मोबाइल खाली. सोडणार नाही त्याला, सोडणार नाही—

त्याच दिवशी, संध्याकाळी

पानं माना टाकतायत. देवेश वर आला. तोंडाला येईल ते बोलले, घसा फुटेस्तोवर. तो म्हणाला, "दादाही आधी असेच बोलायचे."

मग माझ्या चपला काढल्या. मी चावले, ओरबाडलं— खुर्चीत दाबून धरलं— पाणी गार— काहीतरी टोचतंय, घोट्यापाशी— ओढते तर निघत—

७ जानेवारी

पानं तरारली. देवेशने चहा दिला. चांगला आहे तो— नाही. नाही! त्याने दादांना— दादांचं काहीतरी केलं त्याने, ते लिहायचं होतं. फार राग आला होता मला. कशाचा तरी—